पूल गेला चोरीला

१

पूल पडल्याचं आपण ऐकतो, वाहून गेल्याचंही ऐकतो. पण कुलूपबंद खोलीतून अख्खा पूल चोरीला जावा, हे वाहतूक नियोजन विभागात त्या सकाळी पहिल्यांदाच घडलं.

ते आधी पाहिलं ताईने. ताई म्हणजे मास्टर्सच्या शेवटच्या वर्षातली सगळ्यात मोठी विद्यार्थिनी. बाकीचा वर्ग विशी-बाविशीतला, आणि ताईची स्वतःची मुलगीच शाळेच्या शेवटच्या वर्षात. बससेवेत वेळापत्रकं लावण्यात बरीच वर्षं घालवल्यावर, "बस उशिरा का आली याची कारणं लोकांना देऊन देऊन थकले, आता खरं कारण शोधते," असं म्हणून ती पुन्हा शिकायला आली होती. वर्गाने पहिल्याच दिवशी तिला ताई करून टाकलं. तेव्हापासून भांडणं, प्रेमभंग आणि हरवलेले चार्जर, सगळं तिच्याच दारात येऊन पडायचं.

मॉडेलच्या खोलीत मधोमध एका दणकट टेबलावर हॉस्पिटल चौक मांडलेला होता. एका बाजूला थर्मोकोलचं पांढरंशुभ्र हॉस्पिटल, समोर बसथांबा, मध्ये सहापदरी रस्ता, त्यावर नखाएवढ्या मोटारी. आणि या सगळ्यावरून ऐटीत जाणारा पादचारी पूल. तो पूल म्हणजे पूलकरचा जीव की प्राण. पूलकरचं खरं आडनाव वेगळंच होतं, पण दोन वर्षांत पुलाशिवाय दुसऱ्या कशावर तो बोललाच नाही, म्हणून सगळे त्याला पूलकर म्हणत. आता तर हजेरी घेतानाही सरांच्या तोंडून तेच नाव निघायचं. त्या दुपारी त्याच्या प्रबंधाचं सादरीकरण होतं.

ताई मोटारींवरची धूळ झटकायला म्हणून आत आली, आणि हातातला ब्रश हातातच राहिला.

हॉस्पिटल होतं. बसथांबा होता. मोटारी होत्या. पूल नव्हता.

खांबांची नुसती बुडखं उरली होती, पडलेल्या दातांच्या मुळांसारखी. पण ताईला खरं नवल वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. पुलावर काल जी इवलीशी प्लॅस्टिकची माणसं चालत होती, ती हरवली नव्हती. ती सगळीच्या सगळी रस्त्याच्या कडेला, अगदी ओळीने, नीट उभी केलेली होती. जणू गाड्या थांबायची वाट बघत होती.

"चोर आला," ताई स्वतःशीच पुटपुटली, "आणि जाताना माणसांची सोय लावून गेला?"

तेवढ्यात मागून किंकाळी ऐकू आली. दारात पूलकर उभा होता.

२

"तिनेच! दुसरं कोण असणार?" पूलकर खोलीभर येरझाऱ्या घालत होता. "पूल नको, पूल नको म्हणून वर्षभर डोकं खाल्लंय तिने माझं."

ती म्हणजे वर्गातलीच एक मुलगी, टोपणनाव सिग्नल. तिचाही विषय हॉस्पिटल चौकच, फक्त उपाय निराळा. पुलाची गरजच नाही, सिग्नलची वेळ बदला, माणसांना रस्त्यावरूनच जाऊ द्या, असं तिचं म्हणणं. दोघांचं पटायचं नाही, पण एकमेकांवाचून अडायचंही. पूलकरचे आकडे ती तपासायची, तिचे नकाशे तो काढायचा.

बातमी ऐकून सिग्नल धावतच आली. नाक लाल, गळ्याला रुमाल, आवाज बसलेला.

"काल संध्याकाळी खोलीत शेवटचं कोण गेलं होतं?" पूलकरने वकिलासारखं विचारलं.

"मी. तूच नाही का किल्ली दिलीस? माझा चार्जर राहिला होता. घेतला, कुलूप लावलं, किल्ली मामांकडे दिली. तेव्हा पूल होता." आणि ती जोरात शिंकली.

ताई तोवर टेबलाभोवती फिरत होती. बसच्या वेळापत्रकांनी तिला एक खोड लावली होती. गोष्ट बिघडली की कुणी बिघडवली हे ती आधी विचारायची नाही, कशी बिघडली ते आधी बघायची. तिने खाली वाकून पाहिलं. टेबलाच्या पायांनी फरशीवर वर्षानुवर्षं डाग पाडले होते, पण आज पाय त्या डागांवर नव्हते. अख्खं टेबल वीतभर सरकलं होतं.

"हे तुम्ही हलवलंत?"

"हे? नुसतं उचलायला चार जण लागतात," पूलकर म्हणाला.

मग ताईने बुडखं निरखली. पातं लावून कापल्यासारखी ती नव्हती. वरून भार पडून चिरडल्यासारखी, खाली वाकलेली होती. शिवाय हॉस्पिटलच्या छपराला एक खोलगट खड्डा पडला होता, आणि तो तेलकट होता. ताईने रुमालाने तो पुसला. पूलकरने तो रुमाल जवळजवळ हिसकावूनच घेतला आणि नाकाशी नेला.

"बाम!" तो ओरडला. "बामचा वास आहे! सर्दी कुणाला झालीय इथे?"

सिग्नलच्या हातातल्या पिशवीतून बामची बाटली डोकावत होती. तिने ती आत ढकलली, आणि त्यामुळे ती जास्तच दोषी दिसायला लागली.

"ताई, तूसुद्धा असं बघतेस माझ्याकडे?"

"मी तुझ्याकडे नाही गं, या माणसांकडे बघतेय." ताईने फुटपाथवरच्या प्लॅस्टिकच्या ओळीकडे बोट दाखवलं. "रागाने पूल उपटणारा ही असली कामं करत बसत नाही."

पण पूलकर ऐकायच्या पलीकडे गेला होता. फोन कानावरून काढत तो म्हणाला, "मी रस्ते खात्याच्या साहेबांना कळवलंय. ते म्हणतात, असल्या मुलीचा प्रकल्प आम्ही बघणारसुद्धा नाही. दुपारी तिने यायचं नाही."

सिग्नलचा चेहरा उतरला. त्या दुपारी तिचंही सादरीकरण होतं. साहेबांनी होकार दिला असता, तर तिचा सिग्नल खऱ्या चौकात लागणार होता.

"दुपारपर्यंत वेळ आहे ना?" ताईने रुमाल घडी करून खिशात टाकला. "मग दुपारपर्यंत गप्प बसायचं. दोघांनीही."

३

मामा हे विभागाचे मदतनीस. त्यांची खुर्ची समोरच्या जिन्याच्या अगदी पायथ्याशी. पहिल्या मजल्यावर विभाग, आणि तिथे जायला हाच एक जिना. म्हणजे मामांच्या नजरेतून सुटून वर जाणं मुंगीलाही अवघड.

"मामा, काल संध्याकाळी ती चार्जर घेऊन गेल्यावर वर कोण कोण गेलं?"

"कुणी नाही."

"आठवून सांगा."

"ताई, मला दुसरं काम काय आहे? ती किल्ली देऊन गेली, मग मी चहा घेतला, इथेच बसून. बाहेरचं दार लावेपर्यंत जिन्यावर चिटपाखरू नाही."

"साहेब आले होते ना काल?"

"ते सकाळी. गाडी मागे लावली, मागच्या उतारानेच वर गेले, पूल बघितला, खूश होऊन गेले. तेव्हा पूलकरही होता तिथे."

मागचा उतार म्हणजे वर्कशॉपच्या बाजूचा रॅम्प. जड यंत्रं वर न्यायला बांधलेला. रुंद आहे, पण वळसा घेऊन चढतो, त्यामुळे जिन्याच्या तिप्पट लांब. पोरं तिकडे फिरकतही नाहीत.

"आणि सर? सर कधी गेले घरी?"

मामांनी डोकं खाजवलं. "अं... दिसले नाहीत. खरं सांगू का? गेला आठवडाभर सर मला जिन्यावर दिसलेच नाहीत. पण वर तर असतात! मला वाटलं, मलाच डुलकी लागत असेल. कुणाला सांगू नका हं."

ताई वर सरांच्या खोलीशी गेली. सर म्हणजे पूलकरचे मार्गदर्शक. केस पांढरे, पण एकेका वेळी दोन पायऱ्या चढणारे. "जिना म्हणजे फुकटचा डॉक्टर," हे त्यांचं वाक्य, आणि लिफ्टसाठी अर्ज घेऊन आलेल्या पोरांना त्यांनी हसून हाकलल्याची गोष्ट विभागात प्रसिद्ध होती.

आज मात्र त्यांचं दार बंद होतं. ताईने टकटक केली. आत काहीतरी खडखडलं, ड्रॉवर ओढल्याचा आवाज आला, आणि मगच "ये" ऐकू आलं.

सर खुर्चीतच बसून होते. एरवी कुणीही आलं तरी ते उठून फळ्याशी जायचे, बसून बोलणं त्यांना जमायचंच नाही. बोटांवरचा वाळलेला डिंक ते सोलत होते. पण त्या आठवड्यात अर्ध्या विभागाच्या बोटांना डिंक होता, तेव्हा ताईने त्याकडे फारसं लक्ष दिलं नाही.

"पुलाचं कळलं मला," सर म्हणाले. "काळजी करू नकोस. सापडेल."

"पूलकर सिग्नलचं नाव घेतोय, सर. साहेबांनी तर तिला येऊच नका म्हणून सांगितलंय."

सरांनी मान झटक्यात वर केली. "काय? छे! तिने नाही केलेलं."

"कशावरून, सर?"

"मला माहीत आहे." आणि मग, जरा घाईने, "म्हणजे, गुणी मुलगी आहे ती. मी बोलतो साहेबांशी. दुपारच्या आत बोलतो. तू जा आता, मला जरा काम आहे."

ताई बाहेर आली खरी, पण पाय निघेना. 'तिने नसेल केलं' असं आपण विश्वासाने म्हणतो. 'तिने नाही केलेलं' असं म्हणायला मात्र माणसाला काहीतरी ठाऊक असावं लागतं.

ती कॉरिडॉरच्या दुसऱ्या टोकाला गेली आणि रॅम्पचं दार उघडलं. रॅम्पच्या पायथ्याशी काल दुपारी माळीबुवांनी फुलांचा वाफा खणून पाणी घातलं होतं. लाल मातीची पावलं रॅम्पवरून वर आली होती. आणि एवढा रुंद रॅम्प मोकळा सोडून ती पावलं कठड्याला अगदी चिकटून, कठडा धरधरूनच चढली होती.

४

ताईचं घर कॉलेजमागच्याच गल्लीत, म्हणून जेवायला ती घरीच जायची. आज ताटावर बसली, पण लक्ष ताटात नव्हतं. चमच्याने आमटीत ती चौक काढत होती.

"आई, तुझा गृहपाठ राहिलाय का?" मुलीने विचारलं. आईला हे विचारायची संधी ती कधी सोडत नसे.

"चोर सापडत नाहीये."

"मग सोप्पं आहे. ज्याला पूल नको तो चोर."

"असं सगळ्यांनाच वाटतंय, म्हणून तर पंचाईत आहे." ताईने चमचा ठेवला. "हे बघ. पूल कुणी काढलेला नाही, तो मोडलाय. कुणीतरी टेबलावर सगळ्या अंगाचा भार टाकून पडलं, इतका की टेबल सरकलं. एक हात पुलावर आला, एक हॉस्पिटलवर. मग त्या माणसाने पडलेली माणसं उचलून नीट उभी केली, म्हणजे त्याचं त्या मॉडेलवर प्रेम आहे. मोडलेले तुकडे घेऊन तो गेला. आणि तो जिन्याने आला नाही. जवळची वाट सोडून लांबची धरली. आमच्या विषयात पहिलंच शिकवतात, माणूस लांबची वाट फुकट धरत नाही. त्याला जवळच्या वाटेचा काहीतरी त्रास असतो."

"मामांना दिसू नये म्हणून?"

"तसंही असेल. पण मग कठडा कशाला धरेल?"

विचार करता करता ताईने घाम पुसायला खिशातला रुमाल काढला. तोच सासूबाई शेजारून म्हणाल्या, "अगं, तुला कधीपासून सुरू झाली गुडघेदुखी? बोललीसही नाहीस!"

"मला? नाही हो आई, कुठे."

"मग माझं मलम कशाला लावलंस?"

"हे मलम नाही. हा सर्दीचा बाम आहे."

सासूबाईंनी रुमाल घेतला, एकदा हुंगला आणि अशा काही नजरेने सुनेकडे बघितलं, की जणू म्हणत होत्या, मास्टर्स काय, डॉक्टरेट जरी केलीस तरी तू कच्चीच.

"सर्दीचा बाम नाकात झोंबतो. हा वास गुडघ्याचा. मी दोन वेळा लावते, मला विचार."

ताई ताटावरून तशीच उठली.

"अगं, निदान हात तरी धू!" सासूबाई ओरडल्या. पण सून तोवर गल्लीच्या टोकाला पोचली होती.

५

या वेळी ताईने टकटक केली नाही. दार लोटून ती आत शिरली आणि इतकंच विचारलं,

"सर, गुडघा कसा आहे?"

टेबलावर वर्तमानपत्र पसरलेलं होतं. त्यावर पूलकरचा पूल. म्हणजे पुलाचं जे काही उरलं होतं ते. मधोमध डिंकाचे ढीग, एक जिना पूर्वेला, दुसरा आकाशाकडे. सरांच्या हातातली टाचणी तशीच राहिली.

मग ते एकदम हसायलाच लागले.

"पूल आहे की केळं आहे हे, सांग बरं? आयुष्यभर पूल शिकवले, एक चिकटवता येईना."

ताईलाही हसू फुटलं. तिने खुर्ची ओढली. "काय झालं होतं?"

"काल संध्याकाळी सगळे गेल्यावर माझ्याकडच्या किल्लीने खोली उघडून बघायला गेलो. पूल नजरेच्या पातळीवरून बघावा म्हणून वाकलो, आणि गुडघ्याने दगा दिला. टेबल धरायला गेलो, ते नेमकं..." त्यांनी हाताने कोसळणारा पूल दाखवला. "महिना झाला दुखतोय. जिना चढायचा म्हणजे डोळ्यांपुढे काजवे. कुणाला कळू नये म्हणून आठवडाभर रॅम्पने येतोय. जन्मभर पोरांना जिन्यावरून ऐकवलं, आता कुठल्या तोंडाने सांगू?"

"पण सर, एवढं सांगितलं असतंत तर पूलकर काही खाऊन टाकणार नव्हता. मोडलं, चुकून मोडलं."

"तेवढंच असतं तर सांगितलं असतं गं." सरांनी टाचणी खाली ठेवली. त्यांचा आवाज खाली आला. "मागच्या आठवड्यात गुडघा दाखवायला हॉस्पिटल चौकात गेलो. बसमधून उतरलो, समोर हॉस्पिटल, मध्ये रस्ता. आणि मनात आलं, आपला पूल आज इथे असता तर? वर पाहिलं. कल्पनेतच चढायला लागलो. अर्ध्यावर बसलो असतो बघ. आजूबाजूला सगळी तशीच माणसं. कुणी काठी घेऊन, कुणी पोट धरून, कुणी म्हाताऱ्या बापाला धरून. हॉस्पिटलला कोण जातं? ज्याला चालता येत नाही तो. आणि आम्ही त्याला म्हणतो, आधी चढ, मग उतर, मग बरा हो."

ताईने घरंगळलेला पुलाचा एक तुकडा उचलून वर्तमानपत्रावर ठेवला.

"पूलकरने दोन वर्षं घातली त्यात. विषय माझा, हट्ट माझा. साहेबांना शब्दही मीच दिला. त्या पोराला कसं सांगायचं? काल पूल मोडला ना, तेव्हा मला वाईट वाटलं नाही. आणि वाईट वाटलं नाही, याचंच मग फार वाईट वाटलं. म्हणून चिकटवत बसलो."

"सर, पलीकडे ती मुलगी रडतेय."

सरांनी डोळे मिटले. मग टेबलावर दोन्ही हात टेकून, दात आवळून ते उठले.

"चल. आधी तिच्याकडे. मग पूलकरकडे. हात दे."

ताईने हात दिला, आणि दोघं निघाले. मात्र दाराबाहेर पाऊल टाकतात, तो समोर पूलकर. तो किती वेळ तिथे उभा होता, कुणास ठाऊक. पण टेबलावरच्या त्या केळ्याकडे तो ज्या नजरेने बघत होता, त्यावरून त्याने सगळं ऐकलं होतं, एवढं नक्की.

६

पूलकर चिडेल, रडेल, कागद भिरकावेल, ताईने सगळ्याची तयारी ठेवली. त्याने यातलं काही केलं नाही. तो भिंतीला टेकून खाली बसला आणि म्हणाला, "मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?" सरांनी विचारलं.

"लोक चढणार नाहीत ते. चौकात पाहणी केली तेव्हा माणसं तोंडावर हसायची माझ्या. एक आजोबा म्हणाले, बाळा, तुझ्या पुलावर चढता आलं असतं तर मी हॉस्पिटलला कशाला आलो असतो? मी तुम्हाला दाखवलं होतं, सर. तुम्ही म्हणालात, परिशिष्टात टाक."

"म्हणालो होतो," सर म्हणाले. "खरं आहे."

"आणि मीही टाकलं. कारण मलाही पूल आवडायला लागला होता." त्याने नाक ओढलं. "दिसायचाच तसा."

सिग्नलला बोलावलं गेलं. सरांनी झालं ते तिला सांगितलं आणि सगळ्यांदेखत तिची माफी मागितली. पूलकर तिच्या पुढ्यात उभा राहिला, कान लाल झालेले.

"मी... म्हणजे साहेबांना मीच फोन... मला माफ कर."

"करते. पण लांबून माग," सिग्नल म्हणाली. "सर्दी आहे खरी." आणि शिंकली. मग तिनेच विचारलं, "परिशिष्टातलं ते सगळं आहे का रे अजून?"

दुपारी परीक्षक बाई आल्या, रस्ते खात्याचे साहेब आले. मॉडेलवर पूल नव्हता. बुडखं काढून पूलकरने तिथे पांढरे पट्टे रंगवले होते, अजून ओलेच. सरांनी उभं राहून, एक हात टेबलावर ठेवून, सगळी हकीकत सांगितली. गुडघा, रॅम्प, केळं, काही वगळलं नाही.

साहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला. "अहो, पण मी वरती शब्द दिलाय पुलाचा! आता काय सांगू?"

"सांगा, प्राध्यापकाचा गुडघा आडवा आला," सर म्हणाले.

परीक्षक बाई हसल्या नाहीत. त्यांनी चष्म्यावरून पूलकरकडे पाहिलं. "म्हणजे तुमचा पूल बांधू नये, असं तुमचाच अभ्यास सांगतो?"

"हो, मॅडम."

"आणि ते तुम्ही शेवटच्या पानांत लपवलंत?"

"हो, मॅडम."

"मग तो भाग पुढे आणा आणि पूल मागे टाका. एक सत्र जास्त लागेल. मान्य?"

एक सत्र म्हणजे ठरलेली नोकरी पुढे जाणार, घरी पुन्हा तेच स्पष्टीकरण. "मान्य," पूलकर म्हणाला.

त्याच्या पाठोपाठ सिग्नलने बसलेल्या आवाजात आपलं काम मांडलं. मध्येच आवाज पार गेला, तेव्हा उरलेलं पूलकरने वाचून दाखवलं, आणि कुठेही अडला नाही, कारण ते सगळं तो वर्षभर तिच्याशी भांडून भांडून पाठ करून बसला होता. साहेब बराच वेळ त्या ओल्या पट्ट्यांकडे बघत बसले. शेवटी म्हणाले, "चाचणीपुरता लावून बघू. पण आधी मला खरे आकडे द्या. माणसाला रस्ता ओलांडायला खरंच किती वेळ लागतो ते. पुस्तकातल्या नव्हे, तुमच्या त्या हॉस्पिटलच्या माणसाला."

"आजच घेऊ," सिग्नल म्हणाली. म्हणजे तिचे ओठ हलले, बाकीच्यांनी अंदाजाने समजून घेतलं.

संध्याकाळी उन्हं कलल्यावर सगळे हॉस्पिटल चौकात पोचले. ताई, पूलकर, गळ्याला रुमाल बांधलेली सिग्नल, हातात घड्याळ. मामाही आले होते, जिना सोडून. रस्त्यावर गाड्यांचा नुसता पूर लोटला होता.

"सुरुवात कुणापासून करायची?" पूलकरने विचारलं.

"माझ्यापासून," सर म्हणाले. ताई हात द्यायला पुढे झाली, तर त्यांनी मानेनेच नको म्हटलं.

माणसांसाठी हिरवा दिवा लागला. सर रस्त्यात उतरले, एक पाय, मग दुसरा. मागून कुणीतरी त्यांचा कोपर घट्ट धरला. हॉस्पिटलचं कागदी पाकीट काखेत दाबलेल्या एक अनोळखी आजी होत्या. त्यांनी सरांना आधार द्यायला धरलं होतं की स्वतःच्या आधारासाठी, ते त्यांनाही ठाऊक नसावं.

"हळू चला हो," आजी म्हणाल्या. "मला नाही पळता येत."

"मलाही नाही," सर भर रस्त्यात, चांगलं मोठ्याने म्हणाले.

दिवा मध्येच बदलला. हॉर्न वाजायला लागले. फुटपाथवर सिग्नलने घड्याळ चालूच ठेवलं, आणि ती दोघं एकमेकांना धरून, अजिबात घाई न करता, चालत राहिली.